हरल्यावरही पुढचा रविवार

धानाचे पुंजणे चुरून झाले, पोती घरात आली की गडचिरोली जिल्ह्यात आणि चंद्रपूरच्या ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यात गावोगावी फलक लागायला लागतात. एका बाजूला झाडीपट्टीच्या नाटकाचा, दुसऱ्या बाजूला ‘भव्य खुले कबड्डी सामने’चा. कुठे व्हॉलीबॉल असतो, कुठे टेनिस चेंडूचं क्रिकेट. फलकावर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, विशेष अतिथी अशी नावांची आणि फोटोंची गर्दी असते. खेळणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नसतं आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. पहिलं बक्षीस किती आणि ते कुणाकडून, हे मात्र लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं.

या स्पर्धांची चेष्टा करण्याचं कारण नाही. वर्गणी मंडळ काढतं, मैदान गावातली पोरं आखतात, बाहेरून आलेल्या संघांच्या जेवणाचं गाव बघतं. गडचिरोली पोलिसांनीही खेळांचं हे वेड ओळखलं आणि वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डीच्या, तर बिरसा मुंडा यांच्या नावाने व्हॉलीबॉलच्या स्पर्धा सुरू केल्या. शेडमाके इंग्रजांशी लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांच्या नावाच्या चषकासाठी दुर्गम गावांतले संघ येतात, ही गोष्ट साधी नाही.

अडचण आहे ती पद्धतीची. बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. एटापल्लीकडच्या एखाद्या गावातला संघ पिकअपमध्ये बसून तीसचाळीस किलोमीटर येतो, पहिल्याच सामन्यात दोन गुणांनी हरतो आणि जेवून परत जातो. त्या दहा-बारा जणांचा त्या वर्षीचा खेळ तिथेच संपतो. जिंकणाऱ्यांचं तरी काय? चषक कपाटावर जातो, रोख रक्कम वाटली जाते आणि संघ पांगतो. पुढच्या वर्षी कोण गावात असेल, कोण हैदराबादला कामाला गेला असेल, कुणाचं लग्न झालेलं असेल, हे कुणालाच सांगता येत नाही.

नेमक्या याच अडचणीने १८८८ साली इंग्लंडमधल्या एका कापड दुकानदाराला सतावलं होतं. विल्यम मॅकग्रेगर त्याचं नाव. मूळचा स्कॉटलंडचा, दुकान बर्मिंगहॅममध्ये आणि जीव ॲस्टन व्हिला या क्लबात. त्या काळी क्लब दोनच प्रकारचे सामने खेळत: चषकाचे आणि मैत्रीचे. चषकात पहिल्या फेरीत बाद झालं की क्लबला काम उरत नसे. मैत्रीचा सामना ठरवावा, तर समोरचा संघ आयत्या वेळी येत नसे. तिकीट काढून आलेले लोक चिडून घरी जात. मॅकग्रेगरने काही क्लबांना पत्रं लिहिली. मागणी सरळ होती: ठरावीक क्लबांनी एकमेकांशी ठरलेल्या तारखांना खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. त्या सप्टेंबरात १२ क्लबांची लीग सुरू झाली. प्रत्येकाच्या वाट्याला २२ सामने आले. प्रेस्टन नॉर्थ एंड पहिला विजेता ठरला, तोही एकही सामना न हरता. पण शेवटच्या क्रमांकावर राहिलेला संघही २२ सामने खेळला, आणि नवलाची गोष्ट ती.

त्या बेतावर पुढे जगभरचं फुटबॉल उभं राहिलं. टीव्हीवर दिसणारी माद्रिद, मँचेस्टर, बार्सिलोना ही त्याची शिखरं. त्याचा पाया समजून घ्यायचा असेल तर बल्गेरियासारख्या देशातल्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचे छोटे क्लब बघावे लागतात. क्षेत्रफळाने बल्गेरिया विदर्भापेक्षा थोडा मोठा, लोकसंख्या मात्र २०२१च्या जनगणनेनुसार ६५ लाखांच्या आसपास. विदर्भाच्या एक तृतीयांशही नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीला ती ९० लाखांच्या घरात होती. साम्यवादी राजवट कोसळल्यावर माणसं पश्चिम युरोपात कामाला गेली, जन्मदर घसरला आणि कित्येक गावांत म्हातारी माणसंच उरली.

तरीही तिथली लीग कोकणातल्या जांभ्याच्या पायऱ्यांसारखी खालपर्यंत उतरत जाते. वर पहिली लीग, तिच्याखाली दुसरी, त्याखाली तिसरी. तिसरी लीग देशाच्या चार भागांत विभागलेली असते, म्हणजे प्रवास आटोक्यात राहतो. तिच्याही खाली जिल्हावार गट. तिसऱ्या लीगपासून खालचं सगळं हौशी. खेळाडू आठवडाभर नोकरी-धंदा करतात आणि सुट्टीच्या दिवशी खेळतात. मैदान बहुधा नगरपालिकेचं असतं, त्यामुळे महापौर बदलला की क्लबचं नशीबही बदलू शकतं. हंगाम दोन तुकड्यांत होतो. उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो, बर्फ पडायला लागला की थांबतो आणि वसंतात पुन्हा सुरू होतो. प्रत्येक पायरीवर वरचे संघ वर चढतात आणि तळाचे खाली उतरतात. एखाद्या खेड्यातल्या क्लबला देशाच्या अव्वल लीगपर्यंत जाण्याचा रस्ता कागदावर तरी उघडा असतो.

कागदावरचा हा रस्ता एका गावाने खरोखर चालून दाखवला. राझग्राद हे ईशान्य बल्गेरियातलं गाव. वस्ती तीसेक हजारांची, म्हणजे २०११च्या जनगणनेत ५४ हजारांचं असलेलं गडचिरोली शहर त्याच्यापेक्षा मोठं. तिथला लुडोगोरेत्स हा क्लब २०१०पर्यंत तिसऱ्या पायरीवर होता, त्या वर्षी तो दुसऱ्या पायरीवर चढला. त्याच वर्षी किरिल दोमुशचिएव या उद्योजकाने तो घेतला. २०११मध्ये संघ वरच्या लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात विजेता झाला. तिथपासून २०२४-२५पर्यंत सलग १४ विजेतेपदं त्याने पटकावली. राजधानी सोफियातले जुने, मातब्बर क्लब बघत राहिले.

या क्लबची सर्वांत गाजलेली रात्र २७ ऑगस्ट २०१४ची. चॅम्पियन्स लीगमध्ये जायचं, तर रुमानियाच्या स्तेआउआ बुखारेस्तला हरवायचं होतं. राझग्रादचं मैदान युरोपच्या निकषांत बसत नव्हतं, म्हणून सामना सोफियात झाला. पहिला सामना १-० असा गमावलेला. या सामन्यात ९०व्या मिनिटाला वांदरसनच्या गोलने बरोबरी झाली, जादा वेळ मिळाला आणि ११९व्या मिनिटाला गोलरक्षकाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं गेलं. बदली खेळाडू संपलेले. मग कोस्मिन मोत्सी या बचावपटूने हातमोजे चढवले. हा गडी स्वतः रुमानियाचा, म्हणजे आपल्याच देशातल्या क्लबविरुद्ध खेळत होता. पेनल्टींमध्ये त्याने पहिला गोल स्वतः मारला, मग दोन पेनल्टी अडवल्या आणि सामना ६-५ने जिंकून दिला. राझग्रादच्या मैदानातल्या एका स्टँडला पुढे त्याचं नाव देण्यात आलं.

गोष्ट मस्त आहे, पण तिच्याकडून शिकण्यासारखं फारसं काही नाही. राझग्रादला एक श्रीमंत मालक मिळाला. तो प्रत्येक गावाला मिळत नाही, आणि मिळाला तरी किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. चंद्रपूरच्या वाचकाने बघावा असा बल्गेरियन क्लब वेगळाच आहे: मिन्योर पेर्निक. सोफियाजवळचं पेर्निक हे कोळशाचं गाव. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारी खाण सुरू झाली आणि गाव खाणीभोवती वाढलं. १९१९मध्ये उभा राहिलेला तिथला क्लब खाणकामगारांचं नाव लावतो. तो वरच्या लीगमध्ये खेळला, खाली घसरला, पैशाअभावी पार तळाशी जाऊन पुन्हा चढला. कोळशाचे चांगले दिवस गेले, तरी क्लब उरला.

कोळसा आणि फुटबॉल यांचं नातं युरोपभर दिसतं. पोलंडच्या झाब्झे गावातला गुर्निक हा खाणकामगारांचा क्लब १४ वेळा देशाचा विजेता झाला. युक्रेनचा शाख्तार दोनेत्स्क आणि उत्तर फ्रान्समधला लांस हेही कोळशाच्या पट्ट्यातलेच. जर्मनीत शाल्केच्या खेळाडूंना अजूनही खाणकामगारच म्हणतात. पाळी संपवून काळ्या तोंडाने वर येणाऱ्या माणसांना रविवारी डोकं मोकळं करायला काहीतरी हवं असे, आणि एका चेंडूवर बावीस जण खेळू शकत.

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा काही कमी जुना नाही. वरोऱ्याची खाण १८७०च्या दशकात सुरू झाली. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. आज घुग्घुस, सास्ती, दुर्गापूर, माजरी ही सगळी वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीच्या खाणींची गावं. वसाहतींत तेलुगू, छत्तीसगढी, भोजपुरी आणि मराठी एकाच नळावर ऐकू येतात. वेकोलिच्या क्षेत्रांमध्ये आपसांत क्रीडास्पर्धा होतात, कोल इंडियाच्या कंपन्यांमध्ये फुटबॉलचे सामनेही होतात. भद्रावतीला आयुध निर्माणी आहे, बल्लारपूरला कागद कारखाना, दुर्गापूरला मोठं औष्णिक वीज केंद्र. युरोपात कुठल्याही अशा गावात दोन-तीन क्लब निघाले असते.

फरक असा की इथला संघ कंपनीचा असतो, गावाचा नसतो. जर्सीवर क्षेत्राचं नाव असतं. खेळाडूची बदली झाली की तो दुसऱ्या क्षेत्राकडून खेळतो. घुग्घुसचा संघ जिंकला म्हणून घुग्घुसच्या बाजारात पेढे वाटले जात नाहीत, कारण तो घुग्घुसचा नसतोच मुळी. पेर्निक जिंकलं की पेर्निकचा भाजीवालाही जिंकतो.

भाजीवाला जिंकतो असं गाव महाराष्ट्रात बघायचं, तर कोल्हापूरला जावं लागतं.

कोल्हापुरातले फुटबॉल क्लब तालमींतून जन्मले. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी त्यांची नावं. ज्या तालमीत आजोबांनी शड्डू ठोकला, तिच्या नावाची जर्सी घालून नातू शाहू स्टेडियमवर उतरतो. सोबत शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ असे संघ आहेत. हेच मंडळ गणपती बसवतं, हेच शिवजयंती करतं आणि हेच फुटबॉलही खेळतं. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की दोन पेठांमधलं बोलणं आठवडाभर आधीपासून तिखट होतं. संस्थानच्या काळात राजघराण्याने खेळाला आश्रय दिला आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची धुरा आजही छत्रपती घराण्याकडे आहे. पण मैदान भरतं ते पेठांमुळे.

तिथे हंगामाला खरी सुरुवात मैदानावर होतच नाही. ती होते असोसिएशनच्या कार्यालयात, खेळाडूंच्या नोंदणीने. कोण कुठल्या संघाकडून सही करतो, कुणी तालीम बदलली, कुणी परदेशी खेळाडू आणला, याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात. वरिष्ठ गटात १६ संघ. त्यांची साखळी स्पर्धा हिवाळ्यात सुरू होते आणि तिच्यानंतर उन्हाळ्यापर्यंत वेगवेगळ्या चषकांच्या बाद स्पर्धा चालतात. खाली आणखी गट आहेत, वर चढण्याची आणि खाली घसरण्याची सोय आहे. म्हणजे कोल्हापुरात बाद स्पर्धाही आहेत आणि त्यांवर राजकारण्यांची नावंही झळकतात, पण त्या साखळीच्या पाठीवर उभ्या आहेत. चषकात हरलेला संघ मरत नाही, कारण पुढच्या डिसेंबरात त्याला पुन्हा साखळी खेळायचीच असते.

आणि हे सगळं कुठल्या पातळीवर? देशाच्या फुटबॉलच्या नकाशात कोल्हापूरच्या पेठेतला क्लब पार तळाशी आहे. २०२४-२५च्या हंगामात वर इंडियन सुपर लीग होती, तिच्याखाली आय-लीग, मग आय-लीग दोन आणि तीन, त्याखाली राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या स्पर्धा. २०१४मध्ये सुरू झालेल्या सुपर लीगमध्ये खालून वर येण्याचा रस्ता बरीच वर्षं बंदच होता. खेळाच्या बळावर आय-लीगमधून वर गेलेला पहिला क्लब पंजाब एफसी, तोही २०२३मध्ये. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग गेला. पाटाकडीलच्या पाठीराख्याला या पायऱ्यांशी फारसं देणंघेणं नाही. त्याला खंडोबाला हरवायचं असतं. विश्वचषकाच्या वेळी तो मेस्सीचा किंवा नेमारचा उंच फलक चौकात उभारतो आणि विश्वचषक संपला की फलक उतरवून पुन्हा पेठेत येतो.

कोल्हापूरचा गुणगौरव इथे आवरता घ्यायला हवा. प्रेक्षकांची हुल्लडबाजी, दगडफेक, पोलिसांनी सामने थांबवणं, संघांवर कारवाई हेही त्याच मैदानाचं खरं आहे. पेठेचा अभिमान आणि पेठेची मारामारी यांच्यात अंतर थोडंच असतं. एवढ्या वेडाच्या मानाने तिथून देशपातळीवर गेलेले खेळाडू कमीच. अनिकेत जाधव हे ठळक नाव. तो २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे सुपर लीगमध्ये आणि २०२२मध्ये वरिष्ठ भारतीय संघात आला. पण त्याची घडण बऱ्याच अंशी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, हेही सांगायला हवं. मुलींच्या बाजूने एफसी कोल्हापूर सिटी हा संघ भारतीय महिला लीगमध्ये खेळला. तालमींच्या जगात मुलींना जागा नव्हती, ती वेगळ्या नावाने तयार करावी लागली.

पेठेच्या क्लबची किंमत कळते ती पुण्याकडे बघितल्यावर. तिथे पैसा आला, मोठ्या उद्योगसमूहांनी क्लब काढले. पिरामल समूहाचा पुणे एफसी आय-लीगमध्ये २०१२-१३ला दुसरा आला आणि काही वर्षांत बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम आय-लीगमध्ये दिसला आणि २०१७मध्ये मिटला. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. मुंबईत महिंद्र युनायटेडचंही तसंच झालं. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला हा क्लब २०१०मध्ये कंपनीने गुंडाळला. या सर्वांकडे प्रशिक्षक होते, फिजिओ होते, बस होती. बालेवाडीचं स्टेडियम तर कुठल्याही पेठेला स्वप्नात मिळणार नाही असं. पण क्लब बंद झाला तेव्हा रस्त्यावर येऊन ‘आमचा क्लब का बंद केला?’ असं विचारणारी पेठ त्यांच्यामागे नव्हती. ताळेबंदात न बसलेला खर्च कमी झाला, इतकंच.

विदर्भात फुटबॉल म्हटलं की नागपूर आणि त्याला खेटून असलेलं कामठी. कामठी हे इंग्रजांच्या छावणीचं गाव. तिथल्या रब्बानी क्लबचं नाव नागपूरच्या मैदानांवर आदराने घेतलं जातं. राहुल क्लब, यंग मुस्लिम, रेल्वेचा संघ यांच्यासोबत नागपूरची जिल्हा लीग खेळली जाते. त्याच शहरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१मध्ये पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं बघितली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकर या संस्थेला २०१६मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२च्या ‘झुंड’मुळे ही कथा घरोघरी पोचली. सिनेमा सगळ्यांना आठवतो, नागपूरच्या लीगचा गुणतक्ता मात्र कुणी विचारत नाही.

नागपूरहून दीडशे-दोनशे किलोमीटर पुढे, वैनगंगा ओलांडली की चित्र पालटतं. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, लोकसंख्या २०११मध्ये १० लाख ७३ हजार. चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं. कोरचीहून सिरोंच्याला जायचं, तर तीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि तिथल्या माणसाला सामना तर सोडाच, दवाखानाही दूर होतो. जिल्ह्यात तालुके १२, अगदी मॅकग्रेगरच्या क्लबांइतके. पण बारा तालुक्यांची लीग म्हणजे एकूण १३२ सामने आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला बाहेरगावचे ११ प्रवास. त्याचा डिझेलचा हिशेब मांडायला बसलं की उत्साह मावळतो.

तरीही या जंगलात फुटबॉलचा एक जुना झरा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६०च्या दशकापासून चंद्रपूर-गडचिरोली भागात वसवण्यात आलं. चंद्रपूर शहरातला बंगाली कॅम्प सर्वांना ठाऊक आहे. मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत सुंदरनगर, विवेकानंदपूर, सुभाषग्राम अशी गावंच वसली. या माणसांनी सोबत धानाची नवी रीत आणली, मासळी आणली, दुर्गापूजा आणली आणि फुटबॉलही आणला. कोलकात्यात ईस्ट बंगाल हा १९२०चा क्लब फाळणीनंतर निर्वासितांची ओळख बनला. गाव सुटलं तरी क्लब होता. इथल्या बंगाली गावांत आजही फुटबॉलच्या स्पर्धा भरतात, आजूबाजूच्या गोंड आणि तेलुगू गावांतले लोक बघायला येतात. त्याही बहुतेक बादच.

कौशल्य आणि दमसास या दोन जिल्ह्यांत कमी आहे, असं कुणी म्हणणार नाही. मे २०१८मध्ये ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. बल्लारपूरजवळ विसापूरला मोठं क्रीडा संकुल झालं, तिथे २०२३च्या डिसेंबरात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. एव्हरेस्टला जायला सरकारी मोहीम लागते, राष्ट्रीय स्पर्धेला कोट्यवधींचं संकुल. दर रविवारी दोन गावांनी एकमेकांशी खेळायला यातलं काहीच लागत नाही. लागते एक वही, जिच्यात तारखा लिहिलेल्या आहेत आणि त्या सहसा बदलत नाहीत.

ती वही या भागाच्या कामांच्या वेळापत्रकात बसवावी लागेल. इथे ऑगस्टमध्ये हंगाम सुरू करणं म्हणजे रोवणीच्या चिखलातून पोरं ओढून आणणं. नोव्हेंबर-डिसेंबर कापणी आणि मळणीचे. मार्चच्या मध्यापासून मोहफुलं पडायला लागतात आणि पहाटे सगळं घर झाडाखाली असतं. मे महिना तेंदूपत्त्याचा, वर्षभराची रोकड तेव्हाच हातात येते. राहतात ते जानेवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचे दहा रविवार. याच काळात नाटकं रंगतात, शंकरपट भरतात, मंडई-जत्रा असतात. लोक घराबाहेर पडलेलेच असतात.

दहा रविवारांत सहा संघांची फुटबॉलची साखळी बरोबर बसते. प्रत्येकाचे दहा सामने, पाच घरी आणि पाच बाहेर. दर रविवारी तीन ठिकाणी खेळ, एकूण ३० सामने. आष्टी, चामोर्शी, घोट, मुलचेरा, आलापल्ली, अहेरी असे सहा संघ धरले, तर कुठल्याही टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. एका मालवाहू गाडीत एक संघ बसतो. चषकाच्या पहिल्या बक्षिसाला जेवढा पैसा एका दिवसात उधळला जातो, त्यात सहा संघांचे चेंडू आणि बराचसा डिझेलखर्च निघू शकेल. देणगीदाराला फलकावर नाव हवं असतं, तेही मिळेल. एका दिवसाऐवजी दहा आठवडे झळकेल.

मंडळं आहेत, वर्गणीची सवय आहे, मैदानं आहेत. जे नाही, ते पंच. कबड्डीचे जाणकार पंच या पट्ट्यात तालुक्यागणिक सापडतात, ऑफसाइड ओळखणारा माणूस शोधावा लागेल. एका सामन्याला एक मुख्य पंच आणि दोन रेषेवरचे, म्हणजे दर रविवारी नऊ जण. शाळांचे क्रीडाशिक्षक, वेकोलिचे निवृत्त खेळाडू आणि मुलचेऱ्याकडचे जुने बंगाली खेळाडू एकत्र केले, तर नऊ जमतील. फक्त अहेरीच्या सामन्याला अहेरीचा आणि घोटच्या सामन्याला घोटचा पंच चालणार नाही, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावं. भांडणं तिथूनच सुरू होतात.